घोंगडीवरचा शब्द

नागूबाईनं मेंढरांना लस टोचायला आलेला सरकारी डॉक्टर दारातूनच परतवून लावला, हे सिद्धरामला हुमनाबादच्या कॉलेजात फोनवर कळलं. डॉक्टर परत गेला तो सिद्धराममुळंच.

झालं होतं असं. सिद्धराम प्राणिशास्त्र शिकवायचा. बढतीसाठी शोधनिबंध छापून आलेले पाहिजेत, असा नवा नियम निघाला आणि अख्ख्या स्टाफरूमला जणू निबंधांचा गोवर आला. हैदराबादेतलं एक 'आंतरराष्ट्रीय' मासिक फी भरली की वाट्टेल ते छापायचं. सिद्धरामनं लिहून दिलं, की टाकळ्याच्या पाल्याचा रस पाजला तर मेंढरांना आंत्रविषार हा आतड्याचा जीवघेणा रोग होत नाही, आम्ही कळपावर प्रयोग केलाय. कुठला कळप अन् कसला प्रयोग! पठ्ठ्यानं एका मेंढीला पाला हुंगवलासुद्धा नव्हता. आकडे पंख्याखाली बसून रचले. 'तज्ज्ञांनी तपासून मंजूर केला' असं उत्तर दोन दिवसांत हजर!

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण मादन हिप्परग्याला, त्याच्या गावी, धनगरांनी सत्कार ठेवला. आपलं पोरगं छापून आलं म्हणून घोंगडीवर बसवलं, कपाळाला भंडारा लावला. म्हाताऱ्या काशप्पानं विचारलं, "मास्तर, गुण येतो न्हवं?" घोंगडीवर बसून खोटं बोलणाऱ्याला त्यांच्यात पुन्हा कुणी पंगतीला घेत नाही. सिद्धरामला हे पाळण्यापासून ठाऊक. तरी मेल्यानं जीभ उचलली, "येतो की."

आता शेजारच्या गावात त्याच रोगानं मेंढरं पटापटा मरायला लागली होती. आज सगळ्यांसमोर खरं सांगायचंच, असं ठरवून त्यानं गावची एसटी धरली.

नागूबाई त्याची थोरली बहीण. आईमागं तिनंच त्याला वाढवलेलं, कोकरं विकून शिकवलेलं. ती दारात पाला वाटत बसली होती.

"अक्का, ते फेक. डॉक्टरला बोलाव."

"कामून रे? छापून आलंय की!"

"छापलंय ते खोटं हाय. म्या कुणालाबी पाजलं न्हाई."

ती हसली. "चेष्टा करायलास व्हय? घोंगडीवर बसून बोललास ते खरं, का हितं उंबऱ्यात उभारून बोलायलास ते?"

"हे खरं, अक्का. तितं म्या खोटं बोललो."

तिचा हात थांबला. आता ही मुस्काटात देईल, असं त्याला वाटलं. दिली असती तर बरंच वाटलं असतं. पण तिनं आधी गल्लीत पाहिलं आणि पाल्यानं हिरवा झालेला तळवा त्याच्या तोंडावर दाबला.

"हळू बोल, बाबा! कुणी ऐकलं तर वाळीत टाकतील तुला. माझी मेंढरं म्या गुपचूप टोचून घेते. तू कुणाला काय सांगू नको."

"अन् बाकीच्यांची?"

तिनं नजर वळवून पुन्हा पाला वाटायला घेतला. सिद्धरामला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याचीच मग भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात डोक्यावर टाकळ्याचा भारा घेऊन काशप्पा आला. तोंडभर हसत म्हणाला, "बरं झालं मास्तर, तुम्ही आलात! मीबी डॉक्टरला हाकललो बघा. कोकराला किती पाजू?"

सिद्धरामनं बहिणीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"अर्धी वाटी," तो म्हणाला. "सकाळी, उपाशीपोटी."