मावशीची जाड पिशवी

त्याचं काम चोर पकडण्याचं. पोलीस नव्हे हं! एका मोठ्या दुकानात साध्या कपड्यांत, हातात टोपली घेऊन, गिऱ्हाईक असल्याचं सोंग करत हिंडायचं आणि कोणाच्या कोटाखाली काय जातंय ते बघायचं. काम अगदी इमानाने करायचा, पण ते दुकानातच ठेवून घरी येणं काही त्याला जमलं नाही बुवा.

मुलांची आई जाऊन बराच काळ झाला होता. गेल्या वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. आठ वर्षांची खारू आणि सहा वर्षांचा टिल्लू नव्या आईला मावशी म्हणायचे. आधी बुजले, आणि आता? आता तिघांची अशी गट्टी, की बाबा खोलीत आले की तोंडाला कुलूप! त्याच्या मनात पाल चुकचुकायला लागली. ही बाई माझी पोरं माझ्यापासून तोडतेय, दुसरं काय! तळ्याकाठी तंबू ठोकून राहायची टूम त्यानेच काढली. पोरं पुन्हा आपल्याकडे वळवायची, बस्स.

पण गाडी निघाली तीच संशय घेऊन. सगळं सामान डिकीत, आणि एक जाडजूड पिशवी मावशीच्या पायाशी.

"ती पण टाक की मागे."

"राहू दे हो, हलकी आहे."

हलकी म्हणे! मागच्या सीटवर खारूने टिल्लूला कोपराने ढोसलं. आरशात त्याला ते बरोबर दिसलं.

तंबू उभारताना त्याने एक दांडी उलटी खोचली आणि सगळा डोलारा एका कुशीवर आडवा झाला. पोरं पोट धरधरून हसली. किती दिवसांनी! त्याला वाटलं, जमतंय की. तेवढ्यात मावशी म्हणाली, "मी आणि टिल्लू दाराशी झोपतो. तुम्ही पलीकडच्या टोकाला झोपा." टिल्लूचं हसू जागच्या जागी विझलं. जेवताना त्याने पोराला गरम दूध दिलं, तर मावशीने पेला अलगद बाजूला सरकवला. पोर नुसतं तिच्याकडे बघत राहिलं. माझ्या हातचं दूधसुद्धा चालेना? कुठेतरी पाणी मुरतंय, नक्की मुरतंय.

दुकानात त्यांचा एक नियम होता: माल दाराबाहेर गेल्याशिवाय हात घालायचा नाही. आधी हटकलं तर चोर साळसूदपणे म्हणतो, पैसे द्यायलाच निघालो होतो. तोही थांबला.

उजाडताना तंबूची चेन हळूच वाजली. मावशी पिशवी छातीशी धरून बाहेर पडली, मागोमाग टिल्लू. त्यांनी पाच-सहा पावलं टाकली आणि हा मागून तंबूतून निघून त्यांच्या समोर जाऊन उभा ठाकला. तोंडातून रोजचं वाक्य निघून गेलं, अगदी त्याच थंड सुरात.

"बाई, जरा पिशवी उघडून दाखवता का?"

स्वतःच्या बायकोला! ती पांढरीफटक पडली. "अहो, नको. माझं ऐका, आत्ता नको."

दुकानातले सगळेच असं म्हणतात. त्याने पिशवी ओढली आणि सगळं गवतावर पडलं. ओली चादर. रबरी कापड. टिल्लूची चड्डी, ओलीच.

टिल्लू धूम तंबूत पळाला आणि आतून चेन लावून घेतली.

"काय मिळालं?" मावशीने विचारलं. "पाहुण्यांसमोर तुम्ही हसत सांगितलंत ना, सहा वर्षांचा घोडा अजून गादी भिजवतो म्हणून? तेव्हापासून मी त्याच्या चादरी चोरून धुतेय. इथे यायचं म्हणून रडत होता तो. मीच म्हटलं, बाबांना कळू देणार नाही, शब्द देते."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या पाहुण्यांबरोबर आपण किती मोठ्याने हसलो होतो, ते त्याला आठवलं.

आतून हुंदका आला. "मावशी, तू सांगितलंस?"

तिने तोंडावर हात दाबला. पोराला आता तिचाही संशय यायला लागला होता, आणि तो कोणी शिकवला हे सांगायला नको. तो तंबूच्या दाराशी मटकन बसला.

"नाही रे बाळा. तिने एक अक्षर सांगितलं नाही. मीच पाळत ठेवली. मीच चोरून बघितलं."

रात्रभर त्याने घोकलं होतं, हिला पोरांपासून दूर करायचं. आणि आता दाराकडे डोळे लावून तो मनोमन विनवत होता, मला नको म्हणू दे, पण हिला तरी हाक मारू दे.

"मावशीला पाठवा," आतून आवाज आला. "बाबा नको."

चेन टीचभर उघडली. तो सरकून बाजूला झाला आणि त्याने तिला आत जाऊ दिलं.