कवट्यांचा नकाशा

“पेन्सिल,” ताई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी पडली होती. एक चप्पल पायात, दुसरी ओट्याखाली. बारकी दारातच पिशवी टाकून तिच्याकडे धावली. अशा वेळी माणूस पाणी मागतो, निदान आधाराला हात तरी मागतो. ताईने पेन्सिल मागितली.

“आधी ऊठ तरी! डोकं आपटलं का? बघू.”

“डोकं ठीक. पेन्सिल.”

बारकी आता सत्तेचाळीस वर्षांची होती. औषधांच्या दुकानात डॉक्टरांची अक्षरं लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण या घरात ती अजून बारकीच होती आणि ताईच्या हट्टापुढे तिचं कधीच काही चाललं नव्हतं. ताई कुशीवर वळली, डाव्या कोपरावर रेटा देत बसती झाली, ओट्याची कड धरून उभी राहिली. या सगळ्याला बराच वेळ लागला. बारकी तोवर स्वतःचेच हात चोळत उभी होती, कारण मध्ये हात घातला की ताई तो झटकायची.

फ्रिजच्या दारावर आलेखाचा कागद लावलेला होता. त्यावर चौकोनच चौकोन. हा स्वयंपाकघराचा, हा बाहेरच्या खोलीचा, हा न्हाणीघराचा, मग जिना, मग खालचं फाटक. चौकोनांच्या मध्ये दारांच्या रेघा आणि जागोजागी बारीक कवट्या. सहा होत्या. ताईने डाव्या हाताने ओट्यापुढे सातवी काढली. ती कवटीपेक्षा बटाट्यासारखी जास्त दिसत होती. शेजारी तिने लिहिलं, ‘ओलं. चप्पल नको.’

एकोणतीस वर्षं ताईने पाणीपुरवठा खात्यात शहराच्या नळांचे नकाशे काढले. कुठल्या गल्लीखाली कुठली वाहिनी कुठे वळते, हे साहेब लोक कागद बघून सांगायचे आणि ताई न बघता. पाच महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा पाय निम्मा परत आला, बोलणं दोन-दोन शब्दांपुरतं आलं. नकाशे काढणारा उजवा हात मात्र मांडीवर पाहुण्यासारखा पडून असायचा.

कवट्यांचं हे वेड मात्र फार जुनं होतं.

त्यांचे बाबा टंकलेखन यंत्रं दुरुस्त करायचे. एकदा एक गिऱ्हाईक दुकानात चक्क संगणक ठेवून गेलं, सोबत चौकोनी फ्लॉपी तबकड्यांचं खोकं, आणि पुन्हा काही फिरकलं नाही. बाबांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि मग तो डबा घरी आणला. तबकड्यांवर एका साहसी खेळाचे चार भाग होते. एक राजा हरवलेल्या राज्यात भटकतो, आणि त्याने काय करायचं ते आपण इंग्रजीत टाइप करायचं. तिघा भावंडांना इंग्रजी येत होतं ते शाळेपुरतं, म्हणजे न आल्यासारखंच. पण त्या खेळालाही दोन शब्दांपलीकडे काही कळत नसे, त्यामुळे बरोबरीचा मामला होता. दादा बारा वर्षांचा, तो कळफलकावर बसायचा. आठ वर्षांची बारकी मांडीवर शब्दकोश घेऊन. आणि चौदा वर्षांची ताई जमिनीवर पालथी पडून नकाशा काढायची.

त्या खेळात मरण फार स्वस्त होतं. पुलाच्या कडेला गेलं, मेलं. अनोळखी फळ खाल्लं, मेलं. मेलं की एक चिरकी धून वाजायची आणि दादा कानांवर हात ठेवून तोंड फिरवायचा. त्याला ती धून सहनच व्हायची नाही. ताईचं उलटं. नव्या खोलीत शिरलं की ती आधी खेळ तबकडीवर साठवायला लावायची आणि मग म्हणायची, “आता मरून बघ.” राजाला मुद्दाम विहिरीत ढकलायचं, मुद्दाम अस्वलाशी पंगा घ्यायचा. मेला की तिथे एक कवटी. सगळ्या कवट्या काढून झाल्या की उरेल ती वाट.

“असं कुठे खेळतात का?” दादा चिडायचा.

“मग कसं खेळतात? घाबरत घाबरत?”

दुसऱ्या भागात दादाने घोळ घातला. बागेतला दोर न उचलताच तो पूल ओलांडून गेला, मागे पूल कोसळला, आणि पठ्ठ्याने नेमका तिथे खेळ साठवला, तोही आधीच्या साठवणीवर. दोराशिवाय पुढचा कडा उतरता येत नव्हता आणि पूल नसल्यामुळे मागे जाता येत नव्हतं. हे कळायला त्यांना तीन महिने लागले. कळलं त्या दिवशी दादा ओक्साबोक्शी रडला. गल्लीतल्या छायाचित्रकाराच्या मुलाकडे सगळी उत्तरं छापलेलं मासिक होतं, ते आणू या म्हणून तो ताईच्या मागे लागला. ताईने भीक घातली नाही. नवा आलेखाचा कागद अंथरला आणि म्हणाली, “पहिल्यापासून.”

चौथा भाग त्यांनी संपवला तेव्हा ताई कॉलेजात होती. शेवटच्या पडद्यावर राजाला मुकुट मिळाला. त्या रात्री बाबासुद्धा जेवता जेवता म्हणाले, “सुटला बिचारा एकदाचा.”

आता रविवारी दादा आला तो फॉर्म घेऊनच. शहराबाहेर एक देखभाल केंद्र होतं, तिथे त्याने ताईचं नाव घातलं होतं. बुधवारी सरकारी तपासनीस बाई येऊन बघणार होत्या की ही बाई एकटी राहू शकते की नाही. त्या ‘नाही’ म्हणाल्या की ताईची खोली तयार. ताईने तो फॉर्म वाचला, घडी घातली आणि खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला.

“बघितलंस?” दादा बारकीकडे वळला. “सगळं हसण्यावारी. सात वेळा पडलीये, सात! माझ्याकडे तारखा आहेत.” त्याने मोबाईल पुढे केला. खरंच होत्या.

“माझ्याकडेही,” ताईने फ्रिजकडे बोट केलं.

“खेळ होता गं तो, ताई! मेलं की पुन्हा चालू करता यायचं. इथे येतं का?”

ताईच्या तोंडात शब्द जुळायला वेळ लागला. “सात वेळा उठले.”

“आणि आठव्यांदा नाही उठलीस तर?”

“तर नाही.”

दादाचा चेहरा उतरला. तो तसाच उठून गॅलरीत गेला. बारकी त्याच्या मागे गेली तेव्हा तो कठड्याला धरून उभा होता.

“चार तास, बारके,” तो म्हणाला. “मी दार फोडून आत आलो तेव्हा चार तास ती तिथे पडलेली होती. डोळे उघडे. फोन वीतभर लांब. तू नव्हतीस तिथे. मी होतो. मला नाही परत ते दार फोडायचं.”

गेल्या पाच महिन्यांत कितीदा तरी तिला वाटलं होतं की दादा म्हणतो तेच खरं, आणि तसं वाटल्याची तिला लाजही वाटली होती. ताईला तिथे गरम जेवण मिळेल, रात्री कुणीतरी हाकेच्या अंतरावर असेल. फक्त तिथे ताई नसेल. असेल ती कुणीतरी आज्ञाधारक बाई, आणि तिला बारकी ओळखत नव्हती.

बुधवारी सकाळी अकराला तपासनीस बाई आल्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, काखेत फायलींचा गठ्ठा. त्यांनी पाणी प्यायलं, ताईला नाव, वार, महिना विचारला. ताईने वार बरोबर सांगितला, महिना चुकवला, मग हात वर करून थांबायला लावलं आणि बरोबर महिना सांगितला. गोळ्या वेळेप्रमाणे काढून दाखवल्या. फोन लावून दाखवला. मग दादाने घसा खाकरला आणि सात तारखा वाचल्या. वाचताना तो ताईकडे बघत नव्हता.

बाई लिहीत गेल्या. सातवी तारीख झाल्यावर ताई उठली आणि फ्रिजवरचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.

“हे काय आहे?”

“कवट्या,” ताई म्हणाली.

बाईंनी बारकीकडे पाहिलं. डॉक्टरांचं अक्षर लावून द्यावं तसं बारकीने तो कागद त्यांना लावून दिला. “ती जिथे जिथे पडली ना, त्या जागा आहेत या. शेजारी का पडली ते लिहिलंय. एकदा कवटी काढली की त्या जागी ती पुन्हा पडलेली नाही. न्हाणीघरात एकदाच, दारात एकदाच. तारखा दादाच्या बरोबर आहेत, मॅडम. पण तुम्ही जागा बघा. एकही जागा दोनदा आलेली नाही.”

एवढं सगळं आपण एका दमात बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. दादाने तिच्याकडे पाहिलं, ती फितूर झाल्यासारखं.

बाईंनी कागद बराच वेळ पाहिला. “जिन्यात एकही नाही,” त्या म्हणाल्या.

“जिना बाकी,” ताई म्हणाली.

पाच महिन्यांत ती दवाखान्यापुरतीच खाली गेली होती, आणि तीही प्रत्येक वेळी दोघांच्या खांद्यांवरून. बाईंच्या फॉर्मवर मात्र ‘स्वतः जिना उतरून फाटकापर्यंत जाणे व परत येणे’ असा रकाना होता. दादा म्हणाला, “ते राहू द्या हो मॅडम.” ताईने काठी घेतली.

उतरणं निभावलं. फाटकाला हात लावून ती वळली. चढताना पहिला मजला गाठला, श्वास घेतला आणि पुढच्या वळणावर उजवा पाय मागेच राहिला. काठी खडखडत खाली गेली. ताई गुडघ्यावर आणि मग कुशीवर कोसळली.

तपासनीस बाई पुढे झेपावल्या. बारकीने त्यांचं मनगट धरलं. एका सरकारी बाईचं मनगट आपण धरलंय हे नंतर तिच्या लक्षात आलं. दादा चार पायऱ्या खाली होता. तो दोन्ही हात पसरून धावत वर आला, रडकुंडीला आलेला.

“हात नको,” ताई म्हणाली. गाल पायरीला टेकलेला होता, त्यामुळे शब्द दबून आले. “बघ.”

दादा थबकला. त्याने एकदा तोंड फिरवलं आणि पुन्हा वळवलं. आजवर तो तिच्या पडण्याच्या तारखा लिहीत आला होता. बारकीचा फोन यायचा, हा धावत यायचा, आणि तोवर ताई खुर्चीत बसलेली असायची. तिचं उठणं त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

ताईने आधी नुसता श्वास घेतला. मग डावं कोपर अंगाखाली आणलं. ते निसटलं. पुन्हा आणलं. उजवा पाय तिने डाव्या हाताने पायजम्याला धरून ओढला. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी भाजी घेऊन आलं, थबकलं, आणि बारकीने मान हलवल्यावर मुकाट्याने बाजूने निघून गेलं. ताईच्या कपाळावरून घाम पायरीवर पडत होता. तिने कठड्याची सळई पकडली, सोडली, वरची पकडली. गुडघा टेकला. मग तोंडातून एक अशी शिवी आली की बारकीने ती ताईच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती. पूर्ण, अडखळल्याशिवाय, चार शब्दांची. आणि ताई उभी राहिली.

दादा खाली जाऊन काठी घेऊन आला, तिच्या हातात न देता कठड्याला टेकवून ठेवली. ती तिने घेतली. उरलेल्या पायऱ्या ती चढली, तिघं तिच्या मागून तिच्याच चालीने, आणि ताई घरात शिरून सरळ स्वयंपाकघरात गेली.

तपासनीस बाई खुर्चीत बसल्या. पेन हातात धरून त्यांनी फॉर्मकडे पाहिलं. “मला लिहावं लागेल हो,” त्या दादाला हळू आवाजात म्हणाल्या. “चढताना पडल्या. माझ्यासमोर.”

“लिहा,” दादा म्हणाला. “पडली, लिहा. आणि उठली, तेही लिहा.”

“तसा रकाना नाही.”

“मग समासात लिहा.”

“साहेब, अर्ज तुम्हीच केलाय ना?”

“मीच केलाय. मीच सांगतोय. समासात लिहा. किती वेळ लागला तेही लिहा, आणि कुणी हात लावला नाही तेही लिहा. मी सही करतो खाली.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, फॉर्म आडवा केला आणि समासात बारीक अक्षरात लिहू लागल्या. जागा पुरेना, तशा त्या मागच्या बाजूला गेल्या. दादाने खाली सही केली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, तोवर मुक्काम इथेच, असं त्यांनी शेवटी लिहिलं आणि पेनला टोपण लावलं.

स्वयंपाकघरातून पातेल्याचा आवाज आला. ताई दारात उभी राहिली. काठी तिने आत ठेवली होती, कारण चालत्या हातात चहाचा कप होता. भिंतीला खांदा घासत, एकेक पाऊल टाकत ती बाईंपर्यंत आली, कप ठेवला आणि परत गेली. दुसरा कप बारकीला. त्यातला थोडा बशीत सांडला होता. ती परत गेली. बारकी उठायला लागली तसा दादाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला बसवलं.

तिसरी खेप यायला खूप वेळ लागला. बाईंचा चहा पिऊन झाला, तरी त्या फायली घेऊन उठल्या नाहीत. ताईने कप दादापुढे ठेवला. तो कधीच निवला होता आणि त्यात साखर नव्हती. दादाने तो दोन्ही हातांत धरून शेवटपर्यंत प्यायला, आणि ताई स्वतःचा आणायला पुन्हा आत गेली.