वीस शब्दांचा चमत्कार

सकाळचे साडेनऊही वाजले नव्हते आणि क्रीडाभवनाच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी म्हाताऱ्या वडिलांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं, कुणी सासूबाईंना हाताला धरून. पण रांगेतले बहुतेक लोक चाळिशी-पन्नाशीचे, चांगले धडधाकट होते. आजारी नसलेल्या माणसांची एवढी मोठी रांग मी पहिल्यांदाच पाहत होते. प्रत्येकाच्या हातात तपासणीचा लिफाफा, आणि चेहऱ्यावर एकच भीती: उद्या आपल्यालाही काही आठवेनासं झालं तर?

व्यासपीठावर एक निवृत्त परिचारिका उभी होती. तिने डोळे मिटले आणि सुरू झाली, "शिडी, लिंबू, कंदील, घोडा, बादली, छत्री, पूल..." वीस शब्द, एका दमात. तीन महिन्यांपूर्वी तिला वीसपैकी सहाच आठवले होते म्हणे. सभागृह दणाणलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खरं होतं, हे मला आजही मान्य आहे.

"काय खाल्लं बाईंनी?" काळ्या सदऱ्यातल्या माणसाने माइक गर्दीकडे वळवला.

"मांस, चरबी, मीठ, पाणी!" गर्दी ओरडली.

"आणि काय सोडलं?"

"गवत!"

गवत म्हणजे भाज्या, फळं, धान्य, डाळी, जमिनीतून उगवणारं सगळंच. या माणसाला लोक सिंहसर म्हणत. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो व्यायामाची यंत्रं विकायचा. आता लोकांचे मेंदू वाचवत होता. दाराशी त्याच्या चरबीच्या डब्यांची उतरंड रचलेली होतीच.

"सिंहाला विस्मरण झालेलं पाहिलंय कुणी?" त्याने विचारलं.

"सिंहाला विचारायला गेलं होतं कोण?" माझ्या मागच्या आजी पुटपुटल्या. "आणि हत्ती काय खातो मग?"

मला हसू आलं नाही. कारण व्यासपीठावर आता माझा दादा चढत होता.

दादा टपाल कार्यालयात पत्रं निवडायचं काम करतो. समोर भिंतभर खण, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि अर्ध्या शहराचे पत्ते डोक्यात. नजर पत्त्यावर पडायच्या आत पत्र खणात गेलेलं असतं. तीस वर्षांत त्याने खणांवरच्या चिठ्ठ्या वाचलेल्या मला आठवत नाहीत.

आमची आई विस्मरणाच्या आजारानेच गेली. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. ती शिवणकाम करायची, पण शेवटी शेवटी कात्री हातात घेऊन ही कशासाठी असते म्हणून विचारायची. दादा रोज तिला भरवायला जायचा. एकदा ती त्याला म्हणाली, "साहेब, तुम्ही फार चांगले आहात. आता माझा मुलगा येईल, त्याला भेटून जा." दादाने मान हलवली, भांडं धुतलं आणि जिन्यात येऊन बसला.

पुढे त्याने जनुकाची तपासणी केली. एका जनुकाचं जे रूप या आजाराचा धोका वाढवतं, ते रूप त्याच्यात दोन्हीकडून आलेलं निघालं, आईकडूनही आणि वडिलांकडूनही. मी स्वतः अजून तपासणी केलेली नाही, धीर झालेला नाही. म्हणजे चमत्कार खरा निघाला असता तर तो मलाही हवाच होता.

त्यानंतर एके दिवशी कामावर दादाकडून एक गठ्ठा चुकीच्या खणात पडला. असा गठ्ठा कुणाकडूनही पडतो. पण दादा त्या संध्याकाळी घरी आला तो सिंहसरांचा पत्ता घेऊनच.

"वीसपैकी किती?" सिंहसराने विचारलं.

"पहिल्या दिवशी नऊ. परवा वीस," दादा म्हणाला. त्याने ते घडाघडा म्हणूनही दाखवले. शिडी, लिंबू, कंदील. घरी येईपर्यंत तो शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या मुलासारखा चालत होता.

वहिनी मात्र दारातच मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो वन्सं, घरभर चरबीचा वास. पडदे दोनदा धुतले. यांचं पोट आठ-आठ दिवस साफ होत नाही. पण ते जाऊ द्या. यांनी रक्तदाबाची गोळी बंद केलीये."

"काय?"

"सर म्हणतात, गोळ्या म्हणजे कारखान्यातलं गवत. मंगळवारी हे टपालखात्याच्या शिडीवर चक्कर येऊन कलंडले. सोबतच्या माणसाने धरलं म्हणून."

मी दादाला विचारलं. त्याने खिशातून रक्ताचा अहवाल काढून माझ्यापुढे टाकला. वाईट कोलेस्टेरॉल आधीच्या दुपटीहून वर गेलं होतं. "सर म्हणाले, हे मेंदूचं इंधन आहे. टाकी भरली की काटा वर जाणारच."

"आणि तुझ्या रक्तदाबाच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"त्यांना काय कळतंय? त्यांच्या गोळ्यांनी माझे नवाचे वीस झाले नसते." मग हळूच म्हणाला, "छोटे, मला माझ्या बायकोला 'अहो बाई' म्हणायचं नाहीये. मांस खाऊन ते टळणार असेल तर मी दगडही खाईन."

या वाक्यापुढे कोलेस्टेरॉलचा आकडा घेऊन बसणं म्हणजे पुरात उभ्या असलेल्या माणसाला छत्री देणं. मी अहवाल परत त्याच्या हातात दिला. पण त्या वीस शब्दांनी माझी पाठ सोडली नाही. आहाराने माणूस अशक्त होतो, जाड होतो, हे मी पाहिलं आहे. दोन महिन्यांत नवाचे वीस?

माझं चष्म्याचं दुकान आहे. मी डोळे तपासते, आणि मागच्या खोलीत काचकाका भिंगं घासतात. एका सकाळी एक ट्रकचालक परवान्याच्या तपासणीसाठी आला. दर वर्षी येतो. मी त्याला खुर्चीत बसवलं, डावा डोळा झाकला आणि शेवटची ओळ वाचायला सांगितली. त्याने झटक्यात वाचली, एकही चूक नाही. फक्त ती ओळ तिथे नव्हतीच. जुना तक्ता मी आदल्याच आठवड्यात बदलला होता.

"अहो, ही जुनी ओळ," मी म्हणाले.

तो ओशाळून हसला. "मुद्दाम नाही हो पाठ केली. दर वर्षी तीच असते ना, बसते डोक्यात."

त्याच्या चष्म्याचा नंबर लिहिता लिहिता माझा हात थांबला. दुपारी मी दादाला फोन लावला.

"परवाचे वीस शब्द कोणते होते रे?"

"शिडी, लिंबू..."

"आणि पहिल्या दिवशीचे?"

पलीकडे पत्रांवर शिक्के पडल्याचा आवाज येत राहिला. "तेच असतील," दादा म्हणाला. "परीक्षा एकच आहे. म्हणून तर फरक कळतो." आणि त्याने फोन ठेवला.

सांगून पटणार नाही, हे तेव्हाच कळलं. दाखवावं लागणार होतं.

काचकाका बासष्ट वर्षांचे, जन्मात अंडंसुद्धा न शिवलेले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते भिंगावर फुंकर मारत म्हणाले, "म्हणजे मी तिथे जायचं, परीक्षा द्यायची, आणि घरी येऊन माझे उकडलेले बटाटेच खायचे?"

"एवढंच."

"हे जमेल. खोटं बोलायचं नाही ना?"

"अजिबात नाही."

परीक्षेला कुणालाही मुक्त प्रवेश होता. दर दुसऱ्या रविवारी सिंहसरांची सहायिका शब्द दोनदा मोठ्याने वाचायची आणि लोक कागदावर आठवतील तेवढे लिहायचे. कागद परत घेतला जायचा. पहिल्यांदा काका तळमजल्यावर दीड तास गर्दीत ताटकळले, आणि कर्णे चालू असतानाच त्यांची परीक्षा झाली. सात शब्द. दुसऱ्यांदा वरच्या शांत खोलीत, खुर्ची देऊन. तेरा. तिसऱ्यांदा अठरा. "बाई," ते मला म्हणाले, "आता तर घासताना भिंगं मोजतो ना, तर एकच्या जागी शिडी येतं तोंडात."

आणि मग जे घडलं ते मी ठरवलेलं नव्हतं. चार आठवड्यांत एवढी प्रगती पाहून सिंहसराने काकांनाच व्यासपीठावर बोलावलं. दादा पहिल्या रांगेत, वहिनी त्याच्या शेजारी, मी भिंतीला टेकून.

"बासष्टाव्या वर्षी सातावरून अठरा!" सिंहसर गरजला. "काका, जगाला सांगा, चार आठवडे काय खाल्लंत?"

काकांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "उकडलेले बटाटे. पाव. दूध. संध्याकाळी एखादं केळं."

सभागृहात हशा पिकला. सिंहसरही हसला. "काका मिश्कील आहेत! आणि मांस?"

"नाही हो. मला वासही सोसत नाही."

आता हसू विरलं. सिंहसराचा चेहरा ताठ झाला. "तुम्ही नियम मोडलात. खोटं बोलून परीक्षा दिलीत!"

"मला कुणी विचारलंच नाही," काका शांतपणे म्हणाले. "आणि नियम मोडूनही अठरा आले, हे कसं?"

मी पुढे गेले. काकांच्या हातून माइक घेतला. "कारण दर वेळी शब्द तेच असतात. आपण सगळ्यांनी तीच यादी चार-पाच वेळा ऐकली आहे. ती पाठ झाली. पहिल्यांदा गोंगाटात परीक्षा, नंतर शांत खोलीत, म्हणून पहिला आकडा आणखी कमी. आणि ज्यांचे शब्द वाढले नाहीत त्यांना या व्यासपीठावर कुणी कधी बोलावलं? सर, माझं खोटं ठरवणं सोपं आहे. माझ्याकडे दुसरे वीस शब्द आहेत. तुमच्या कुठल्याही वीस-वाल्याला द्या."

"सिंहाची परीक्षा घेत नसतात!" तो ओरडला. काहींनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

"माझी घ्या," कुणीतरी म्हणालं.

दादा उभा होता. वहिनींनी त्याचा हात धरला, तो त्याने हलकेच सोडवला.

मी कागद वाचला. रुमाल, विहीर, टोपी, सुतार. दोनदा, सावकाश, सिंहसरांची ती सहायिका वाचायची तसाच. सभागृह एवढं शांत होतं की वरचा पंखा ऐकू येत होता. दादाने डोळे मिटले. रुमाल. सुतार. टोपी. मग थांबला. विहीर. आणखी चार. मग बराच वेळ काही नाही. एकदा तर त्याच्या तोंडून शिडी निघालं, आणि त्याने स्वतःच मान हलवली.

"आठ," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी नऊ होते." आणि खाली बसला.

माझ्या बाजूने निकाल लागला होता आणि मला रडू येत होतं.

सिंहसराने नकारात्मक ऊर्जेविषयी काहीतरी सुरू केलं, पण लोक उठायला लागले होते. सगळेच नाहीत. अर्ध्याहून जास्त बसूनच राहिले, आणि महिन्याभराने त्याने दुसऱ्या भागात दुसरं सभागृह घेतलं, हेही सांगायला हवं. ती परिचारिका दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आली आणि फटकन म्हणाली, "तुम्ही आमची आशा काढून घेतलीत. बदल्यात काय देणार?" मी तिला बसायला खुर्ची दिली आणि दादाला त्याच्या डॉक्टरीणबाईंकडे परत न्यायचं आहे, एवढंच सांगितलं. ती बराच वेळ बसली आणि जाताना विचारून गेली, "तुमच्या त्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात?"

दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग त्यानेच फोन करून सांगितलं, डॉक्टरीणबाईंकडे जातोय, तूही चल.

डॉक्टरीणबाईंनी अहवाल पाहिला, रक्तदाब मोजला, आणि त्या रागावल्या नाहीत. "जनुकाचं हे रूप धोका वाढवतं," त्या म्हणाल्या. "निकाल लावत नाही. ते असलेले कित्येक जण शेवटपर्यंत ठणठणीत असतात, आणि नसलेल्यांनाही हा आजार होतो. पण हे रूप असलेल्या अनेक लोकांत असल्या चरबीने कोलेस्टेरॉल जास्तच चढतं. आणि रक्तवाहिन्या खराब झाल्या की फटका हृदयाला बसतो, तसाच मेंदूलाही."

"आणि माझे आठ शब्द?" दादाने विचारलं. इतके दिवस त्याला हेच विचारायचं होतं.

"दोनदा ऐकून वीसपैकी आठ? तेही शेकडो माणसांसमोर? त्यावरून मी काहीच म्हणणार नाही. हवी तर नीट तपासणी करू, दर वेळी वेगळ्या शब्दांनी." त्या किंचित हसल्या. "तोवर गोळी पुन्हा सुरू करा. चाला. झोपा. भाज्या, डाळी, फळं खा. ऐकायला कमी येत असेल तर कानाला यंत्र लावा, लाजू नका; कमी ऐकू येण्यानेही विस्मरणाचा धोका वाढतो."

"एवढं केलं की होणार नाही?"

"धोका कमी व्हायला मदत होईल. होणारच नाही, असं मी म्हणू शकत नाही. आणि तशी हमी देणारा कुणी भेटला तर तिथून उठून निघा."

दादाने टेबलावरचा अहवाल उचलून खिशात ठेवला. मग म्हणाला, "वर्षभरात एवढं सरळ मला कुणी बोललं नव्हतं."

त्याची भीती गेलेली नाही. माझीही नाही. आम्ही दोघं आता रविवारी सकाळी नदीकाठाने चालतो, आणि त्या भीतीबद्दल बोलतो, जे आधी कधी केलं नव्हतं. त्याचं कोलेस्टेरॉल उतरतंय. पुढे काय होईल, ते त्यालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही.

तुमच्या घरातही अशी एखादी भीती असेल, तर तिला कुणी हसू नये आणि कुणी तिचा बाजारही मांडू नये. कुणी चमत्कार दाखवलाच तर त्याला दोन प्रश्न विचारा. हा उपाय न करणाऱ्यांचं काय झालं? आणि उपाय करूनही ज्यांना गुण आला नाही, ती माणसं कुठे आहेत? हे विचारण्यात कुणाचा अपमान नाही. ज्याचं खरं आहे तो उत्तर शोधायला तुमच्याबरोबर बसेल. जो चिडेल, त्याच्या सांगण्यावरून घरातली एकही गोळी बंद करू नका.