लाट गेल्यावर येणारा निरोप

ऐका तरी मित्रांनो, मग हसा. मी एक जुना पिवळा पिंप आहे, बंदराबाहेर साखळीने बांधलेला. पोटात यंत्र. लाटेबरोबर वर-खाली व्हायचं आणि मासळीच्या बर्फखान्याला वीज द्यायची, हे माझं काम.

सोपं वाटतं ना? वाटणारच. नुसतं डुलत राहिलं तर एक दिवासुद्धा धड पेटत नाही. लाटेने वर नेलं की ब्रेक लावून दम धरायचा, ती खालून सरकली की ब्रेक सोडायचा, मग धाडकन खाली. तेव्हा कुठे वीज. पण ब्रेक कधी सोडायचा, ते पुढची लाट बघून ठरतं. आणि ती मला कशी दिसणार? म्हणून इंजिनिअरताईंनी छोटी आणली. छोटी म्हणजे चेंडूएवढं तरंगतं यंत्र. तिने माझ्यापुढे खोल समुद्रात राहून लाट मोजायची आणि मला आधी कळवायचं.

तिला बांधलं ताईंच्या सख्ख्या काकांनी. नाव त्यांचीच. आणि बांधलं कुठे? माझ्या मागे, किनाऱ्याकडे! लाट मला बुचकळून पुढे जायची, मग छोटीचा निरोप यायचा, मोठी येतेय, तयार राहा. अगं, गेली ती! डोकंच फिरायचं माझं. ब्रेक भलत्या वेळी, बर्फ पाणी पाणी. ताई रोज माझंच गणित बदलायच्या, आणि बोलणी मी खायचो. शेवटी बर्फखान्याच्या साहेबांनी सांगून टाकलं, या आठवड्यात बर्फ गोठला नाही तर हा पिंप भंगारात.

आज ताई स्वतः काकांच्या नावेतून येऊन माझ्यावर बसल्या. लाटेने आम्हाला उचललं, खाली टाकलं, आणि त्यानंतर त्यांच्या हातातल्या यंत्रावर छोटीचा निरोप वाजला. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं.

"काका, छोटी इकडे का बांधलीत?"

"अगं, एवढी नाजूक वस्तू. बाहेर आपटून फुटली असती. इथे कशी सुखरूप आहे."

"सुखरूप आहे हो, पण उपयोग काय? हा बिचारा फुकट मरतोय."

"आणि फुटली तर? साहेब दुसरी देणार आहेत का?"

साहेब दुसरी देणार नाहीत, हे मलासुद्धा माहीत आहे. तरी ताईंनी छोटीला तिथून सोडवून नावेत घ्यायला लावलं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, जरूर जपा, पण जपता जपता कामातून उठवू नका. छोटी आता नावेत आहे. बाहेर पाणी खवळलंय, आणि काका दोर हातात धरून नुसते बसलेत. तुम्ही असतात तर कुठे बांधली असती तिला?