भिंगरीच्या पाठीवरचा खबऱ्या

मित्रांनो, मी एक जुना धावमापक आहे. जुना आहे, बिघडलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्याविषयी बऱ्याच जणांनी बरेच काही पसरवून ठेवले आहे.

आकाराने मी काड्यापेटीएवढा. फुटबॉल खेळणारे जर्सीच्या आत एक घट्ट बंडी घालतात. तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, एक छोटा खिसा असतो. तेच माझे घर. आकाशातल्या उपग्रहांना विचारून मी माझी जागा ठरवतो आणि पोटातल्या नाजूक यंत्राने प्रत्येक पावलाचा धक्का मोजतो. खेळाडू कुठे धावला, कधी दमला, कोणत्या पायावर भार टाकायला कचरला, हे मला कळते. त्याच्या मनात काय आहे, हे मात्र मला कळत नाही. तसा दावा मी कधी केलेलाही नाही.

माझा जन्म एका स्वच्छ, पांढऱ्या कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला पुन्हा पुन्हा टेबलावरून खाली पाडले. रागाने नव्हे, परीक्षा म्हणून! तेव्हापासून आपटण्याची भीती गेली ती गेलीच. पुढे ते फार उपयोगी पडले.

क्लबात आल्यावर मी भिंगरीच्या वाट्याला आलो. भिंगरी हा आमच्या संघाचा गोल करणारा गडी. चेंडू पायात आला की असा गरकन वळायचा की समोरचा खेळाडू भलतीकडेच बघत राहायचा. सरावात कोण टंगळमंगळ करतो हे माझ्यामुळे उघडे पडे, म्हणून खेळाडूंनी माझे नाव ठेवले ‘खबऱ्या’. माझे आकडे वाचणारी विश्लेषक मुलगी होती, तिला ते ‘आकडेताई’ म्हणत. तिची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. ओल्या मोज्यांचा वास, एक कुरकुरणारा पंखा आणि सामन्याच्या दिवशी डोक्यावर हजारो पायांची धडधड. त्या धडधडीत ती पडद्यासमोर मान खाली घालून बसायची.

सुरुवातीला आमचे फार कौतुक झाले. संघ शेवटच्या टप्प्यात ढेपाळतो, कारण सामन्याच्या आदल्या दिवशी सराव फार कडक होतो, हे आकडेताईने माझ्या आधाराने दाखवून दिले. प्रशिक्षकांनी कुरकुरत का होईना, सराव बदलला. संघ जिंकू लागला. मालकांनी मला हातात धरून फोटो काढला. दुखापतीतून परतणारा खेळाडू आकडेताईच्या सहीशिवाय मैदानात उतरणार नाही, असा नियमही त्यांनीच केला. मोठ्या क्लबांत असतो, मग आपल्याकडे का नको!

मग एका सामन्यात भिंगरीचा उजवा गुडघा पिरगळला आणि आमचे दिवस फिरले.

त्याच्यावाचून संघ हरत सुटला. हंगामाचा शेवटचा सामना उरला. तो हरलो तर क्लब खालच्या गटात घसरणार होता. त्यातच एका बड्या क्लबचा माणूस भिंगरीला बघायला येणार, अशी बातमी आली. भिंगरी सरावाला उतरला, हसत होता, उड्या मारत होता. पण मी त्याच्या पाठीवर होतो. त्याचे उजवे पाऊल जमिनीवर टेकते न टेकते तोच उचलले जात होते. मी ते जसेच्या तसे सांगितले.

“अजून नाही,” आकडेताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बंडी घालताना भिंगरीने मला गुपचूप लंबूच्या हातात दिले आणि त्याचे यंत्र स्वतः घेतले. लंबू त्याचा जिवलग मित्र, डाव्या कडेने धावणारा. सराव संपल्यावर पडद्यावर भिंगरीच्या नावापुढे दोन्ही पाय अगदी ठणठणीत! प्रशिक्षक खूश झाले. आकडेताईने मात्र मी कुठे कुठे फिरलो त्याचा नकाशा उघडला आणि आधी तिला हसूच फुटले.

“भिंगरी, आज तू सगळा वेळ डाव्या कडेला होतास?”

“म्हणजे... हो, जरा बदल म्हणून.”

“आणि लंबू गोलसमोर? मी खिडकीतून बघत होते रे बाबा.”

लंबूने मान खाली घातली. भिंगरीचा चेहरा उतरला.

“ताई, एक सामना! फक्त एक. घरी माझी आई सगळ्या बिल्डिंगला सांगून बसलीय. तो खेळलो नाही, तर पुढच्या वर्षी मला कोण विचारणार?”

“आणि गुडघा गेला तर?”

“जाईल ना, तर माझा जाईल!”

त्याने मला भिंतीवर फेकून मारले. मी खाली पडलो आणि मोजत राहिलो.

प्रशिक्षक दार लोटून आत आले. “दुखत कुणाला नाही? सुजलेल्या गुडघ्यावर मी अख्खा हंगाम काढलाय.”

“म्हणून तर आज तुम्ही जिना चढताना कठडा धरता, सर.”

प्रशिक्षक आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ, वरून दबाव आहे. यंत्र नादुरुस्त होतं, एवढंच म्हण आणि सही कर. तुझ्यावर काही येणार नाही.”

आकडेताईने मला जमिनीवरून उचलले, पुसले आणि टेबलावर ठेवले.

“यंत्र ठीक आहे, सर. सही होणार नाही.”

भिंगरी बाकावर बसून राहिला. त्याच्या जागी खेळणाऱ्याने मोकळ्या गोलसमोर चेंडू आभाळात मारला. आम्ही एका गोलने हरलो. पायऱ्यांवरून लोक ओरडू लागले, “आता संगणकालाच चड्डी घालून उतरवा!” बड्या क्लबचा माणूस मधेच उठून गेला. क्लब खालच्या गटात घसरला.

मालकांनी आकडेताईला बोलावले. “चूक झाली म्हणा, सगळ्यांसमोर माफी मागा. नोकरी राहील.”

“माफी कशाची मागू?” ती म्हणाली. “त्याचा पाय शाबूत राहिला, त्याची?”

तिची नोकरी गेली. मला नादुरुस्त ठरवून भंगाराच्या खोक्यात टाकले, फाटक्या जाळ्या आणि फुटक्या शिट्ट्यांबरोबर. निघताना तिने सर्वांदेखत वाकून मला उचलले आणि पिशवीत टाकले. प्रशिक्षक दारातच उभे होते. बाजूला सरकून त्यांनी तिला वाट दिली.

पुढच्या हंगामात भिंगरी पुरता बरा होऊन खेळला. खालच्या गटात का होईना, त्याने गोलमागून गोल केले. तेव्हा लोक काय म्हणाले, ठाऊक आहे? “बघा, त्याच्या पायाला काही झालं नाही! उगाच बसवला होता.”

अरे, काही झाले नाही, हेच तर आमचे काम होते! पाय मोडला असता तर तुम्ही आम्हाला शहाणे म्हटले असते. तो मोडला नाही म्हणून आम्ही मूर्ख? पाय मोडलाच असता, याचा पुरावा माझ्याजवळ नाही. कदाचित तो खेळला असता आणि जिंकूनही आला असता. मला पुढचे दिसत नाही. पण पाऊल कचरत होते, आणि ते कचरत होते असेच मी उद्याही सांगेन.

एकदा आकडेताई बसथांब्यावर उभी होती. मी फरशीवर ठेवलेल्या पिशवीत होतो. समोरून भिंगरी आला. त्याने तिला पाहिले आणि मान फिरवली. तेवढ्यात त्याची बस सुटली. तो बसमागे धावला. फरशीतून त्याची पावले माझ्यापर्यंत पोचली. उजवे, डावे, उजवे, डावे. दोन्ही अगदी सारखी! त्याने बस गाठली. तिकडे बघत आकडेताई नुसती उभी राहिली. तिची बस येऊन निघून गेली, तरी तिला कळले नाही.

आता ती एका लहान मैदानावर मुलींच्या संघाबरोबर काम करते आणि मी मुलींच्या पाठीवर धावतो. माझी बॅटरी लवकर संपते, कोपरा झिजला आहे. नवीन यंत्र घ्या, असे लोक तिला सांगतात. घ्यावे, माझी हरकत नाही. पण मित्रांनो, जुने झाले म्हणून फेका. नको ते खरे सांगितले म्हणून फेकू नका. मला विचारा, माझ्याशी वाद घाला, मी सांगितले त्याहून वेगळे तुमच्या डोळ्यांना दिसले तर तेही मांडा. फक्त तुमच्या मनातले माझ्या तोंडून वदवून घेऊ नका.

आज सकाळी एका मुलीचा घोटा कुरकुरतो आहे असे मी सांगितले. उद्या तिचा सामना आहे. ताईने तिला बाकावर बसवले, आणि तिचे बाबा मैदानाच्या कडेला लालबुंद होऊन हातवारे करत आहेत. यंत्र खोटे बोलते म्हणत आहेत.

म्हणू देत. मी आकडा बदलणार नाही.