मी चालत आलो नाही

मी एक जुना ओंडका आहे. माझ्या पाठीवर चाकूने कोरलेले एक पत्र आहे : 'दोस्ता, तुझ्या आडोशाला मस्त झोपलो. पुन्हा येऊ.' त्याला मी उत्तर देऊ शकलो नाही. न विचारता पाठ सोलायची आणि वर दोस्त म्हणायचे, ही कुठली रीत?

मित्रांनो, मी नदीकाठचे झाड होतो. पुराने मला मुळासकट उपटले, समुद्राने सोलून काढले आणि एका उधाणाने या निर्जन किनाऱ्यावर आणून टाकले. मी इथे पडलो आहे, म्हणजे पाणी इथवर येते. इतकी साधी गोष्ट! गवतालाही ती कळते. ते माझ्यापासून दूर, वरच्या चढावरच उगवते. माणसांना मात्र मी भिंत वाटतो. कोणी टेकतात, कोणी टॉवेल वाळवतात, आणि वारा लागू नये म्हणून तंबू अगदी मला खेटून ठोकतात.

पत्र कोरणारे गृहस्थ यंदा खरेच आले. सोबत बहीण आणि रांगती लेक.

"दादा, तंबू वर, गवताच्या पलीकडे लावू या," बहीण म्हणाली.

"तिथे वारा किती! हा बघ, हत्ती आहे हत्ती. हलायचा नाही."

"मग हा इथे आला कसा?"

"आला असेल चालत!" ते खो खो हसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चालत आलो नाही, शहाण्या! पण ओंडक्याचे कोण ऐकते?

आभाळ निरभ्र, म्हणून सगळे निर्धास्त. लेक तंबूत झोपली. संध्याकाळी उधाणाची भरती आली. एक लाट माझ्या पोटाखाली शिरली आणि इतक्या वर्षांनी मी हललो. माझे वजन मलाच आवरेना. नको नको म्हणत मी तंबूवर गडगडलो. आत्याने झेप घेऊन पोरीला बाहेर ओढले, तोच तंबूच्या काठ्या माझ्याखाली कडाकडा मोडल्या.

"मेला ओंडका! पोरीच्या जिवावर उठला होता," गृहस्थ म्हणाले.

"त्याला कशाला बोल लावतोस? तो आला कसा, हे तुला विचारलं होतं मी!"

पाणी ओसरल्यावर त्यांनी चाकू काढला. बहीण सांगत गेली, ते कोरत गेले. या वेळी मी हूं की चूं केले नाही.

मित्रांनो, भरतीची वेळ आधी विचारा, आणि वाहून आलेल्या लाकडांच्या पुष्कळ वर मुक्काम करा. अखेर माझे उत्तर रवाना झाले आहे. ते त्या पत्राखालीच आहे, येणाऱ्या प्रत्येकासाठी उघडे : 'मी चालत आलो नाही. मला पाण्याने आणले.'