बॉनेट न उघडलेली गाडी

मी बोलतेय, चष्मेवाल्यांची राखाडी गाडी. सध्या मुक्काम मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये. माझं इंजिन बाहेर काढून बाकावर ठेवलंय, पोटात नुसती हवा खेळतेय. कुठं जायची घाई नाही, तेव्हा आपली हकीकत सांगून टाकते.

मी बाहेरदेशची. म्हणजे माझी जोडणी तिकडची. जन्म नेमका कुठला, ते माझं मलाही सांगता यायचं नाही. गिअरबॉक्स एका देशातून आला, वायरी दुसऱ्या, काचा तिसऱ्या. ही सगळी वऱ्हाडी मंडळी एका लांबलचक कारखान्यात जमली आणि त्यांची एक गाडी झाली. डाव्या मागच्या दाराचा बोल्ट आवळताना तिथल्या कामगाराला जांभई आली, तो अर्धा आटा सैलच राहिला. तपासनीस नेमका पाणी प्यायला गेलेला. म्हणजे माणसं अगदी तुमच्यासारखीच हो! मग दाराच्या खांबावर एक पत्र्याची पट्टी ठोकली आणि तिच्यावर त्या देशाचं नाव उमटवलं. जांभईची नोंद कुठंच नाही.

शोरूममध्ये माझ्या शेजारी माझी जुळी बहीण उभी होती. तोच आराखडा, तेच सुटे भाग, फक्त ते खोक्यांतून इथं आले आणि इथल्या कारखान्यात जोडले गेले. चष्मेवाले आपल्या मेहुण्याला घेऊन आले. मेहुणा शाळेत मास्तर. दोघांनाही गाडी घ्यायची होती. चष्मेवाल्यांनी ना बॉनेट उघडायला सांगितलं, ना चालवून पाहिली. दार उघडलं, खिशातून भिंग काढलं आणि पट्टी वाचली.

"ही घ्यायची! तिकडे नट आवळतात तो जन्मभरासाठी."

"भावोजी, दोन्ही एकाच कंपनीच्या आहेत."

"कंपनी एक असेल, हात वेगळे ना! आपली माणसं निम्मं लक्ष घड्याळाकडे ठेवून काम करतात."

हे सांगताना त्यांच्या चष्म्यांच्या दुकानाला तीन तास कुलूप होतं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? हे गृहस्थ स्वतः पलीकडच्या गल्लीत बनलेल्या फ्रेम विकतात, आणि त्या विकताना आवाज खाली आणून म्हणतात, "बाहेरची आहे, कुणाला सांगू नका." लोकांना घालायची टोपी त्यांच्याच डोक्यात घट्ट बसली होती. बाहेरची तेवढी मी एकच होते, म्हणून मास्तरांनी माझी बहीण घेतली, तीही जरा चेहरा पाडूनच.

घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी नियम केला: तिकडच्या माणसानं आवळलेला नट इकडच्या माणसानं सैल करायचा नाही. त्यामुळे सर्व्हिसिंग बंद. कंपनीतून फोन आला की म्हणायचे, "उघडली की ती बाहेरची राहत नाही." पाहुणे आले की मला दाखवायला खाली घेऊन यायचे. "चार वर्षं झाली, बॉनेट उघडलेलं नाही!" पाहुणे माना डोलवायचे. डावं मागचं दार खडखडायचं, तर म्हणायचे, "जाड पत्र्याला असा आवाज असतोच."

शेजारच्याच घरात राहणाऱ्या मास्तरांचा मात्र आपल्या गाडीवर काडीचा भरवसा नव्हता. इथंच जोडलेली, कधी दगा देईल नेम नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी तिला मिस्त्रींकडे न्यायचे. तेल बदल, पट्टा बघ, ब्रेक तपास. बहीण परत यायची ती न्हाऊनमाखून. मी शेजारी उभी, पोटात डांबरासारखं तेल घेऊन. अविश्वासामुळे एवढे लाड होतात हे मला तेव्हा कळलं, आणि खरं सांगते, पोटात दुखलं.

चष्मेवाल्यांच्या बायकोला घरात सगळे बाई म्हणतात. बाईंचा उजवा गुडघा पार गेला होता. जिना बसून बसून उतरायच्या. आठ महिने थांबल्यावर ऑपरेशनची तारीख मिळाली. सकाळी नऊला दवाखान्यात हजर व्हायचं. त्यानंतर डॉक्टर वर्षभरासाठी शिकवायला परदेशी जाणार होते, म्हणजे तो दिवस चुकला की वर्ष गेलं. आणखी वर्षभर तो जिना उतरणं बाईंना जमलं नसतं.

आदल्या आठवड्यात दोघं डॉक्टरांना भेटून आले. परतताना बाई माझ्यात बसून हसत होत्या.

"काय ते विचारणं तुमचं! सांधा कुठल्या देशाचा म्हणे."

"विचारायला नको? आयुष्यभर पायात राहायचा."

"आणि डॉक्टर काय म्हणाले? कुठलाही बसवा, रोज व्यायाम केला नाही तर जाम होईल."

"असं त्यांना म्हणावंच लागतं गं. बाहेरच्याला एवढं काही करावं लागत नाही."

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही आठला निघालो. अर्ध्या वाटेत मी तेलाचा लाल दिवा लावला. चार वर्षांत पहिल्यांदाच मी मोठ्यानं काही मागितलं होतं.

"अहो, तो दिवा कसला?"

"हवामान बदललं की लागतो."

"जळका वास पण येतोय."

"रस्त्याचा असेल."

"थांबवून बघा तरी!"

"बघण्यासारखं काही नसतं गं या गाडीत." असं म्हणून त्यांनी खिशातलं चष्मे पुसायचं फडकं काढलं आणि दिव्यावर टाकलं. आता दिवा दिसत नव्हता, म्हणजे बिघाडही मिटला!

पुलाच्या मधोमध माझं इंजिन जाम झालं. आठ वाजून वीस मिनिटं. मागून हॉर्नचा गोंधळ. चष्मेवाले उतरले, पुढं गेले, मागं आले, पुन्हा पुढं गेले.

"बॉनेट उघडा ना!" बाई आतून ओरडल्या.

"अगं, ते उघडतं कुठून?"

बाईंनी पर्स उघडली. फोन घेतला आणि भावाला, म्हणजे मास्तरांना, लावला. "तुझी ती इथली गाडी घेऊन ये. लगेच."

बहीण आली. तिनं मला टोमणा मारला नाही, नुसते दिवे मिचकावले. बाईंना दोघांनी धरून तिच्यात बसवलं. चष्मेवाले मागच्या सीटवर गुडघे जवळ घेऊन बसले. नऊला सहा मिनिटं कमी असताना ते पोचले, असं नंतर मास्तरांनी मिस्त्रींना सांगितलं.

मला ओढून इथं आणलं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि तेल मोजायच्या सळईनं तेल वर काढलं. ते ओघळेना. चष्मेवाले कसनुसं तोंड करून म्हणाले, "बाहेरची असून असं कसं झालं?"

"कुठं जोडली ते नटाला कळत नाही, साहेब. ज्या कारखान्यात तपासणी कडक, तिथली गाडी चांगली निघते. तसे कारखाने इथंही आहेत, तिथंही. पण त्यानंतर तिला तेल तुम्हीच घालायचं असतं." मग त्यांनी डाव्या दाराचा बोल्ट अर्धा आटा आवळला. खडखड थांबली.

दोन महिने झाले. काल बाई आल्या, काठी टेकत, नवऱ्याच्या दोन पावलं पुढं. मिस्त्री म्हणाले, "इंजिन मिळेल, पण इथं जोडलेलं."

चष्मेवाले घुटमळले. "मग गाडी बाहेरची म्हणायची की इथली?"

"चालणारी म्हणायची," बाई म्हणाल्या. "बसवा हो मिस्त्री. आणि तेल कसं बघतात ते मला शिकवा. यांना नको, मला."

त्यांनी काठी माझ्या बंपरला टेकवली आणि मोकळ्या हातांनी माझ्यावर वाकल्या. पट्टा कुठं बसणार, पाणी कुठं घालायचं, सगळं विचारलं. माझ्याभोवती एक फेरी मारून दारांचे आवाजही ऐकले. मग नवऱ्याशी वाद घालत रस्त्यापर्यंत चालत गेल्या.

मंडळी, आमची जात-जमात पट्टीवर वाचून काही हाती लागत नाही. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडा, एवढंच मागणं आहे.

काठी अजून माझ्या बंपरलाच टेकलेली आहे. ती न्यायला कुणीही आलेलं नाही.